टेबलामागची माणसं

आमचा कार्यक्रम रात्री उशिरा लागतो, पण शूट होतो भर दुपारी. अंधेरीच्या एमआयडीसीत पूर्वी औषधाच्या गोळ्या बनवायचा एक कारखाना होता, त्याच्या शेडमध्ये आमचा सेट आहे. मागच्या पडद्यावर मुंबईचे दिवे, पुढे टेबल, टेबलामागे होस्ट आणि बाजूला पाहुण्यांचा सोफा. बाहेर रिक्षावाले उन्हाला शिव्या घालत असतात आणि आत होस्ट प्रेक्षकांना शुभ रात्री म्हणतो. पाहुण्यांच्या गप्पांच्या मध्ये स्किट्स असतात. ती लिहून घेणं, तपासणं आणि वेळेत उभी करणं हे माझं काम.

लेखकांच्या खोलीत चार तरुण मुलंमुली आणि मी. या खोलीत कोणी हसत नाही. बाहेरच्या माणसांना हे खरं वाटत नाही, पण हसत बसलं तर एपिसोड लिहून होत नाही. विनोद बरा असेल तर मी 'चालेल' म्हणते, फारच चांगला असेल तर 'हे ठेवू'. त्याआधी एक प्रश्न मात्र मी प्रत्येकाला विचारतेच: हे कुठून आलं? कारण पोरं दिवसभर मोबाइलवर काय काय बघत असतात आणि दुसऱ्याचं कधी आपलं म्हणून लिहून बसतात, त्यांनाही कळत नाही. चॅनलला उत्तर मला द्यावं लागतं.

न हसायची सवय घरीही आली. नवरा म्हणतो, तुला विनोद सांगणं म्हणजे पासपोर्टच्या खिडकीवर उभं राहणं.

आम्ही दहिसरला राहतो, सासूबाई आमच्याबरोबर. सासरे गिरणीत होते. गिरणी गेली, मग लालबागची खोली विकली, मग सासरेही गेले. सासूबाईंचं लग्न होऊन त्या मुंबईत आल्या त्याला आता अर्धं शतक होऊन गेलं, तरी बोलणं मालवणीच. डावा डोळा काचबिंदूने गेलेला. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि इतकं माहीत होतं की त्याचा विचार कोणी करत नव्हतं.

कार्यक्रमातली आजी मी त्यांच्यावरून लिहिली. ठरवून नाही. एका एपिसोडमध्ये एक पाहुणा आयत्या वेळी आला नाही आणि जागा भरायला काहीतरी हवं होतं. आदल्या दिवशी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बायकांचा योगासनांचा वर्ग सुरू झाला होता. तो बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "इतक्या वाकतत, मगे त्याच वाकण्यात लादी कित्याक पुसनत नाय?" मी ते वाक्य घेतलं, पुढेमागे चार वाक्यं जोडली आणि एका तरुण नटीला नऊवारी नेसवून उभं केलं. मालवणी तिची आईकडची होती, तिने झकास केलं. चॅनलचा फोन आला की आजी दर आठवड्याला पाहिजे.

घरी मी बोलले नाही. शेजारणीने सासूबाईंना सांगून टाकलं. मला वाटलं आता घरात वाट लागली. सासूबाईंनी एक एपिसोड बघितला. नटीचा अंबाडा चुकीच्या जागी आहे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत असताना समोर येऊन बसल्या. "लिफ्टात आरसो कित्याक लावतत गो? वरच्या मजल्यार गेल्यार तोंड बदलता काय?" आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या दिवसापासून आमची सकाळ बदलली. पूर्वी त्या बोलायच्या आणि मी न ऐकता डबे भरायचे. आता त्या बोलायच्या आणि माझा चेहरा वाचायच्या. मी मान हलवली तर चालेल, ओठ हलले तर ठेवू. पुष्कळदा मुद्दाम जमवून आणलेले विनोद असायचे, ते पडायचे. मी काही न बोलता उठले की त्या म्हणायच्या, "ह्या नाय जमला." खालच्या मजल्यावरच्या बायका त्यांना नाक्यावर थांबवून विचारायला लागल्या होत्या, या आठवड्यात काय. माझ्या डोक्यातला हिशेब सोपा होता. म्हातारीला विरंगुळा, मला माल. कुणाचं काही बिघडत नाही.

तो सोमवार होता. सोमवारी आम्ही आठवड्याचे विषय ठरवतो आणि माझ्याकडे आजीसाठी काहीही नव्हतं. मी उभ्याउभ्या पोहे खात होते. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या.

"गो, आज सकाळपासून सगळी माणसां तुझ्या त्या टीव्हीवाल्यासारखी दिसतत."

"म्हणजे कशी?"

"टेबलामागे बसल्यासारखी. वर आसत, खाली काय नाय. दूधवालो इलो, तेका पाय नाय. माझो झील आंघोळ करून इलो, तो पण कमरेच्या वरच."

मी हसले. घास तोंडात असताना हसले, ठसका लागला. नवरा टॉवेल गुंडाळून उभा होता, तोही हसला. इतकं सरळ, इतकं आमच्या कार्यक्रमाचं, आणि वर कुठेही जमवलेलं वाटत नव्हतं. मी स्टेशनला जाईपर्यंत स्किट डोक्यात उभं राहिलं होतं.

खोलीत मी ते सांगितलं तेव्हा पोरं चक्क हसली. हे कुठून आलं, असं मला कोणी विचारलं नाही. मला विचारायची पद्धत नाही, विचारायचं मी असतं.

स्किट असं होतं: आजी पाहुणी म्हणून आमच्याच कार्यक्रमात येते आणि होस्टला पाय नाहीत असं धरून चालते. त्याच्यासाठी हळहळते. मग तिला आठवतं की बँकेत, वॉर्ड ऑफिसात, रेशनिंगच्या कचेरीत, सगळीकडे टेबलामागे अशीच माणसं बसलेली असतात. "टेबलामागे बसलेल्याक पाय नसतत, म्हणान तो आपल्यासाठी उठना नाय." हे शेवटचं वाक्य माझं. लिहिताना मी खूश होते.

मंगळवारी, बुधवारी सासूबाईंनी भर घातली. सोमवारी मी हसले होते, त्यामुळे त्यांना विषय लागला आहे हे कळलं होतं. वॉचमन खालच्या भटक्या कुत्र्याला खायला घालतो, त्या कुत्र्यावर त्यांचा पाय पडला होता. "म्हटलंय, तू रे टेबलाखाली काय करतंस?" मी चपला घालता घालता ते फोनवर नटीला सांगितलं. त्यांच्या नडगीवर काळंनिळं झालं होतं, तेही मी बघितलं. मोरी ओली असेल असं म्हणून कामाच्या बाईला फरशी कोरडी ठेवायला सांगितलं.

गुरुवारी शूट होतं. सासूबाई कधी सेटवर आल्या नव्हत्या. माझं सोंग मी कशाला बघू, म्हणायच्या. त्या सकाळी त्या आपणहून म्हणाल्या, मी येते तुझ्याबरोबर. मला वाटलं, या वेळी सगळं स्किट त्यांच्याच वाक्यावर आहे, ते ऐकायचं असेल. आता वाटतं, त्यांना घरात एकटं राहायचं नव्हतं. रिक्षातून उतरल्यापासून त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. सेटवरच्या वायरीत त्यांची चप्पल अडकली तेव्हा मी लाइटवाल्यांना वायरींवर नीट पट्टी मारा म्हणून ओरडले. मग त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि कंट्रोल रूममध्ये गेले.

स्किट कधी नव्हे इतकं चाललं. होस्टला उत्साह आला. स्किट संपल्यावर तो म्हणाला की आज या आजींची खरी आजी आपल्यात बसली आहे. टाळ्या पडल्या. तो टेबलामागून उठला, खाली उतरला आणि सासूबाईंच्या पुढ्यात उभा राहिला. मी कॅमेऱ्याला सांगितलं, आजींवर जा. सासूबाई हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत होत्या. तो पाया पडायला वाकला.

सासूबाईंचं हसू तसंच राहिलं, पण नजर हलेना. होस्ट जिथे उभा होता तिथेच त्या बघत राहिल्या. आशीर्वादाला उचललेला हात पुढे गेला आणि हवेत चाचपायला लागला.

"खय गेलो तो?"

सगळी शेड हसली. होस्ट हुशार आहे. तो खालीच थांबला आणि पायांजवळून म्हणाला, "इकडे आहे आजी, टेबलाखाली." हसू दुप्पट झालं. मी हेडफोनवर सांगितलं, थांबा, कापू नका, अजून जवळ घ्या.

कॅमेरा जवळ गेला. घाबरायचा अभिनय मी रोज बघते. डोळे मोठे होतात, श्वास वर जातो, खांदे आवळतात. सासूबाईंच्या चेहऱ्यावर यातलं काही नव्हतं. चेहरा काहीच करत नव्हता. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर, दुसऱ्या हाताखाली, लपवून ठेवला.

मी हेडफोन काढून खाली गेले. लोक अजून टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आई, त्याचे पाय तुम्हाला खरंच दिसत नाहीत?"

"सोमवारपासून सांगतंय मगे."

दुसरं स्किट व्हायचं होतं. ते मी माझ्या हाताखालच्या मुलीवर सोपवलं आणि रिक्षा केली. डोळ्यांचं एक मोठं रुग्णालय तिथून जवळ होतं. डोळ्यात औषध घालून बराच वेळ बसवलं, मग एका तरुण डॉक्टरणीने तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे, म्हणाली. वरच्या बाजूने सुटत आलाय म्हणून खालचं दिसत नाही. तिने कधीपासून विचारलं, मी सोमवार सांगितलं. मध्यभाग आता सुटायला लागला आहे, सोमवारी तो शाबूत असणार, कारण तेव्हा यांना चेहरे नीट दिसत होते, असं तिने मला शांतपणे समजावलं. त्या दिवशी आल्या असत्या तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाली. दुसरा डोळा आधीच गेलेला आहे हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने ऑपरेशनची वेळ सकाळची पहिली करून घेतली.

बाहेरच्या बाकावर बसलो तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही नीट का नाही सांगितलं? माझा आवाज चढला होता. मी विचारत नव्हते, दोष ढकलत होते, हे बोलतानाच मला कळत होतं.

त्या रागावल्या नव्हत्या.

"तू हसलंस मगे. माका वाटला, काय नसात."

मी ऑपरेशनचे कागद भरायला गेले.

रात्री नवरा म्हणाला, मीही हसलो होतो. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण तो विमा कंपनीत आहे. कोणी काही गमतीशीर बोललं तर तो हसतो आणि विसरतो. मी ते घेऊन कामाला गेले. चार दिवस त्यावर बसले, त्याला कंगोरे काढले, त्याची लांबी मोजली. आमच्या घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा मी त्या वाक्याचा जास्त विचार केला होता. फक्त ते कुठून आलं हे विचारलं नाही. समोर बसलेल्या बाईचा एक डोळा गेलेला आहे आणि ती सांगतेय की खालचं दिसत नाही, हे कुठल्याही रिक्षावाल्याला कळलं असतं. त्याला ते ऐकून स्किट सुचलं नसतं, एवढाच फरक.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायू भरला होता आणि तो पडद्याला दाबून राहावा म्हणून त्यांना दिवसरात्र तोंड खाली करून राहायचं होतं. मी जेवणाच्या टेबलाच्या कडेला उशी बांधली, त्यावर कपाळ टेकवून त्या बसायच्या. झोपायचं तेही पालथं. चहा नळीने. मान आखडायची, मी तेल लावायचे. अशा कामाला मी बरी आहे, करायचं काय ते ठरलेलं असलं की मला काही वाटत नाही.

संपादन करणाऱ्याचा फोन आला तेव्हा मी तेलच लावत होते. तो म्हणाला, पाया पडायचा तो तुकडा म्हणजे या सीझनमधला सगळ्यात भारी क्षण आहे, किती सेकंद ठेवू? मी म्हटलं, सगळा काढ. त्याला वाईट वाटलं. मग विचारलं, स्किट? स्किटला पर्याय नव्हता. एपिसोड त्या आठवड्यात जायचा होता, हाताशी दुसरं काही तयार नव्हतं, नटीने काम चोख केलं होतं. मी ही सगळी कारणं एका दमात सांगितली, जणू तोच नको म्हणत होता. स्किट ठेव, म्हटलं.

ते लागलं त्या रात्री मी टीव्ही लावला नाही. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हसणारे चेहरे आले. दोघी-तिघी भेटायलाही आल्या. सासूबाई टेबलावर कपाळ टेकवून बसलेल्या आणि त्या बायका त्यांच्या पाठीला सांगत होत्या, आजी, कसला जबरदस्त झालाय टेबलाचा विनोद. सासूबाई खालच्या खाली म्हणाल्या, "तो माझो." मी चहा टाकायला आत गेले आणि बराच वेळ आत राहिले.

पडदा बसला, पण मध्यभाग नीट सावरला नाही. आता त्यांना उजेड कळतो, खिडकी कळते, माणूस आलं हे कळतं. कोण आलं ते आवाजावरून. तांदूळ निवडणं बंद झालं. पेपर बंद झाला. टीव्ही त्या ऐकतात. चॅनलला मी सांगितलं की आजी काही काळ नको. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी फुलं पाठवली, आणि पुढच्या मीटिंगला आजी परत कधी, हेही विचारलं. नटीला दुसऱ्या स्किट्समध्ये बसवलंय. ती काही बोलत नाही, पण आजीने तिला ओळख दिली होती आणि ती मी काढून घेतली. तेही माझ्याच खात्यावर.

सासूबाईंना आजी बंद झालेली आवडलेली नाही. डोळा माझो गेलो, तोंड खय गेला, असं त्यांनी मला एकदा ऐकवलं. अजून सकाळी खुर्चीत बसून त्या काहीबाही सांगतात. बरंच काही चांगलं असतं. मी ऐकते आणि विचारते, म्हणजे नक्की काय होतंय? कधीपासून? दुखतंय का? त्या वैतागतात. आता माझा चेहरा त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे त्या माझ्या आवाजावर असतात. आणि माझ्या आवाजात हसू नसतं. मी हसायचा प्रयत्न करून बघितला, पण खोटं हसू त्या अर्ध्या सेकंदात पकडतात.

डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून रोज सकाळी मी त्यांच्या डोळ्यासमोर बोटं धरते. त्यांनी किती आहेत ते सांगायचं. एक किंवा दोन असली तर सांगता येतं. परवा मी दोन धरली आणि त्या म्हणाल्या, "सात."

मी पुन्हा विचारलं.

"सात. सासर माहेर धरून."

मी पर्स घेतली. त्या म्हणाल्या, दोन आहेत गो, गंमत केली. मी त्यांच्या चपला पुढे करून ठेवल्या. ऑफिसला कळवलं की उशीर होईल. रिक्षात त्या म्हणाल्या की कुणाशी दोन शब्द बोलायची सोय राहिली नाही. मी रिक्षावाल्याला हायवेने घ्या म्हटलं.

डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या. बाकावर शेजारी एक बाई बसली होती, डोळ्यावर पट्टी. सासूबाईंनी आवाजावरून तिचं गाव काढलं आणि मग तिला सगळं सांगितलं, सून बोटं दाखवते, मी सात म्हटलं, तर हिने उचलून इकडे आणलं. बोटांचं त्यांनी फार छान सांगितलं. जिथे थांबायचं तिथे थांबल्या. ती बाई पट्टीवर हात दाबून हसायला लागली, आणि सासूबाईंनी तिच्याकडे मान वळवून आणखी एक सांगायला घेतलं.

मी उठले आणि आमचा नंबर कधी लागेल ते विचारायला खिडकीपाशी गेले.